लुकलुकणारा आकडा

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे सहा, मिनेसोटातलं मिनेटोंका तळं. धक्क्यावरून एक जुनी चौदा फुटी ॲल्युमिनियमची होडी पाण्यात उतरली. मागे पंधरा हॉर्सपॉवरची, दांडा हातात धरून वळवायची मोटर. मागच्या बाकाशेजारी नवाकोरा पाच इंची फिश फाइंडर, म्हणजे पाण्याची खोली आणि खालचे मासे दाखवणारं यंत्र, स्क्रीनवरची पातळ झिल्ली अजून तशीच. मोटरपाशी मुलगा, वीस वर्षं मिनियापोलिसला नोकरी करून तिथलाच झालेला. त्याच्यासमोर वडील, उन्हाळ्यापुरते मालवणहून आलेले, अंगात दोन स्वेटर आणि वर कानटोपी. मी नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, निव्वळ वजन म्हणून. धक्क्यापासून होडी रमतगमत निघाली तोवर सगळं छान होतं. तळ्याचा तळ स्क्रीनवर पिवळ्या-तांबड्या पट्ट्यासारखा सरकत होता आणि कोपऱ्यात आकडा होता, ११.४ फूट. मग मुलाने मूठ पिळली, होडीने नाक वर केलं आणि पट्टा विरघळल्यासारखा नाहीसा झाला. त्याच्या जागी नुसते ठिपके, भुरभुर पावसासारखे. आकडा मात्र गेला नाही. ११.४ वरच अडकून तो लुकलुकायला लागला. वडील बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

"आकडो असो लुकलुकता कित्याक रे?"

"काय नाय बाबा. वेग वाढलो काय तसाच होता."

मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते उत्तरही नव्हतं. वेग वाढला की तळ हरवणं इतक्या होड्यांवर होतं, की लोक तो यंत्राचा स्वभावच समजून चालतात. काहीजण यंत्र दुकानात परत नेतात, दुप्पट किमतीचं आणतात, जुन्याच जागी जुन्याच भोकांत बसवतात आणि नवा आकडाही लुकलुकतो. त्या लुकलुकण्याचा अर्थ साधा आहे: मला आत्ता खोली कळत नाहीये, शेवटची कळली ती ही. हे यंत्र प्रामाणिक आहे असं म्हणायचं की लबाड, ते काही ठरत नाही. दूरदर्शनच्या काळात चित्र गेलं की 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी तरी लागायची. इथे खेदही नाही, नुसती डोळ्याची उघडझाप. ज्याला तिचा अर्थ माहीत नाही तो अकरा फूट पाणी आहे म्हणून बिनधास्त जातो आणि दोन फुटांवरच्या खडकावर मोटरचा पंखा आपटून घेतो.

मुळात 'फिश फाइंडर' हे नावच दिशाभूल करतं. ते यंत्र बघत नाही, ऐकतं. होडीच्या मागच्या बाजूला, पाण्यात, साबणाच्या वडीएवढा काळा प्लास्टिकचा ठोकळा असतो. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. त्याच्या पोटात सिरॅमिकची एक चकती असते. तिला वीज दिली की ती थरथरते आणि माणसाच्या कानाला कधीच ऐकू येणार नाही अशी 'टिक' खाली सोडते, बहुतेक यंत्रांत २०० किलोहर्ट्झची. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,४५० मीटर धावतो. सहा मीटर पाण्यात तळाला आपटून परत यायला त्याला सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. परत आलेला आवाज चकतीला थरथरवतो, त्यातून वीज निघते, आणि गेल्या-आल्याच्या वेळेवरून आकडा तयार होतो. बाकी रंगरांगोटी. म्हणून हे यंत्र बसवणं हे स्क्रूचं आणि वायरींचं काम दिसलं तरी खरं काम वेगळं आहे. त्या ठोकळ्याच्या आसपास शांतता करायची आहे. आणि ही शांतता मोडणारा पहिला आणि सर्वात मोठा गुन्हेगार म्हणजे हवेचा बुडबुडा. पाण्यातून आलेला आवाज हवेला भिडला की जवळपास सगळाच्या सगळा माघारी फिरतो. ठोकळ्याच्या तोंडावरून बुडबुड्यांची एक पातळ चादर गेली की पुरे, खाली तळं आहे की डांबरी रस्ता, त्याला काही कळत नाही.

गंमत अशी की मासा दिसतो तोही हवेमुळेच. पालघरकडे घोळ मासा लागला की त्याच्या मांसाआधी बोताचा भाव विचारतात. ते बोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. पाण्यात मासा म्हणजे जवळजवळ पाणीच. त्याच्या मांसावरून आवाज फारसा परतत नाही, परततो तो प्रामुख्याने या पिशवीवरून. मुशीला, म्हणजे शार्कला, अशी पिशवी नसते, म्हणून ती एवढी मोठी असूनही यंत्राला तिचा ठसा फिका मिळतो. जपानात नागासाकीकडे मासेमारी होड्यांवर विजेची कामं करणाऱ्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये पहिला बाजारात चालणारा फिश फाइंडर आणला. माशांच्या थव्यावरून बुडबुडे वर येतात, ही जुन्या मच्छीमारांची गोष्ट त्यांनी मनावर घेतली होती. त्याच १९४८ मध्ये इकडे मिनेसोटात न्यूयॉर्क मिल्स नावाच्या गावी लंड ही ॲल्युमिनियमच्या होड्यांची कंपनी सुरू झाली. दोघांची गाठ पडायला वेळ लागला, आणि पडली तेव्हा लक्षात आलं की या दोघांचं आपसात फारसं पटत नाही.

कारण पत्र्याची होडी बुडबुडे पाळते.

फायबरची होडी तळाला गुळगुळीत असते. शिवाय तिचं फायबर एकसंध असेल तर ट्रान्सड्यूसर आतूनच इपॉक्सीने चिकटवता येतो, आवाज फायबरमधून आरपार जातो, भोक पाडावंच लागत नाही. पत्र्याला ही सोय नाही. आवाज पत्र्यातच गुंतून राहतो, म्हणून ठोकळा बाहेर पाण्यातच टांगायला हवा. आणि बाहेर बघावं तर जुन्या होडीचा तळ रिव्हेटच्या डोक्यांनी भरलेला. ताकद यावी म्हणून पत्र्याला लांबीभर घड्या घातलेल्या. मधोमध कणा, कुठे खडकाला घासून आलेला पोचा, कुठे पाणी काढायच्या बुचाची कडा. होडी धावायला लागली की यांतल्या प्रत्येकापासून बुडबुड्यांची एक दोरी निघते आणि तळाला चिकटून सरळ मागे येते. म्हणून जागा शोधताना होडी ट्रेलरवर चढवायची, उताणं होऊन तिच्याखाली शिरायचं, आणि मोटर जिला टांगलेली असते त्या मागच्या उभ्या फळीपासून, म्हणजे ट्रान्समपासून, पुढे बघत जायचं. ज्या पट्ट्यात निदान चार-पाच फूट तरी पुढे रिव्हेट नाही, घडी नाही, पोचा नाही, ती आपली जागा. अशी जागा चौदा फुटी होडीत तळहाताएवढीच सापडते, कधी तेवढीही नाही. मोटरच्या पंख्यापासून ती कमीत कमी १५ इंच लांब हवी. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं तर शक्यतो उजवीकडे, कारण बहुतेक मोटरींचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो; उजव्या बाजूला त्याची पाती खाली जातात आणि तिथे पाणी कमी घुसळतं. जागा ठरली की मोटर दोन्ही अंगांना पूर्ण वळवून आणि वर उचलून पाहायची. ठोकळ्याला ती लागता कामा नये. ट्रेलरच्या लाकडी पट्ट्याही बघायच्या. होडी चढवताना सगळी होडी त्याच पट्टीवर घसरत येते, आणि पहिल्याच रविवारी ठोकळ्याचा कान तुटलेला असतो.

एवढं सगळं केल्यावरसुद्धा लगेच ड्रिल उचलू नये. एक फूटभर लाकडी फळकुट घ्यावं, त्याला ठोकळा जोडावा, आणि ते फळकुट ट्रान्समच्या वरच्या काठाला दोन सी-क्लॅम्पनी आवळून तळ्यावर जावं. केबल तात्पुरती टेपने, बॅटरी पायाशी. पूर्ण वेगात धावून पाहायचं, मग क्लॅम्प सैल करून दोन इंच डावीकडे, पुन्हा धावायचं, मग अर्धा सेंटीमीटर खाली. एकाने मोटर सांभाळायची, दुसऱ्याने स्क्रीन. ज्यांनी लहानपणी गच्चीवर टीव्हीचा अँटेना फिरवला आहे त्यांना हे काम शिकवावं लागत नाही. वर एकजण अल्युमिनियमच्या काड्या फिरवतोय, खालच्या घरातून ओरडा येतोय, "आलं... आलं... गेलं... अरे मगाशी होतं तसंच ठेव!" तळ्यावरही तेच संवाद होतात. अर्धा तास जातो, पण त्या अर्ध्या तासात होडीला एकही भोक पडत नाही.

भोक ही या कामातली खरी भीती आहे, आणि ती रास्त आहे. पाण्याखाली राहणाऱ्या पत्र्याला मुद्दाम भोक पाडायचं, हे हाताला पटत नाही. त्यावर चांगली तोड म्हणजे मधे एक पट्टी घालणं: १२ मिलिमीटर जाडीची, पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकची, भाजी कापायच्या प्लास्टिकच्या पाटाची जात. ही पट्टी एकदाच ट्रान्समला बसवायची, शक्यतो अशी उंच की तिचे स्क्रू पाण्याच्या रेषेच्या वर येतील, आणि ठोकळा पट्टीला लावायचा. पुढच्या वीस वर्षांत तीन यंत्रं बदलली तरी नवी भोकं पट्टीला पडतात, होडीला नाही. इथे एक चूक हमखास होते. लोक ही पट्टी नुसत्या सीलंटने चिकटवायला जातात. एचडीपीईला साधं चिकटद्रव्य धरतच नाही. पंधरा दिवसांत पट्टी, ठोकळा आणि त्याची केबल होडीमागे लोंबकळताना दिसतात. स्क्रू हवेतच, सीलंट फक्त पाणी अडवायला. सीलंट पॉलियुरेथेनचा, समुद्री कामाचा घ्यावा. नळाच्या दुकानातलं व्हिनेगरसारखा वास मारणारं सिलिकॉन नको. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो आणि पत्र्याला ते मानवत नाही.

जुन्या होड्यांच्या ट्रान्सममध्ये दोन पत्र्यांच्या मधे प्लायवुड असतं. स्क्रूच्या भोकातून तिथे थेंब थेंब पाणी शिरलं की बाहेरून काही दिसत नाही. चार-पाच वर्षांनी मोटर हलवून पाहिली तर सगळी फळीच डुलते. त्यामुळे जरा खटपट करावी: स्क्रूपेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट इपॉक्सीने भरायचं, रात्रभर सुकू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीच्या मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू फिरवायचा. मग स्क्रू इपॉक्सीत बसतो, लाकडाला पाणी लागत नाही. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली आधीच बांधून घ्यायची, नाहीतर पातं पलीकडच्या पत्र्यातून बाहेर येतं. पत्र्यावर आधी मास्किंग टेप लावला की पातं घसरत नाही. आणि प्लायवुड सडलंच असेल नि बदलायचं असेल तर अंगणातल्या डेकसाठी मिळतं ते, औषध पाजलेलं लाकूड चुकूनही घालू नये. त्या औषधात तांबं असतं, आणि ओलं तांबं शेजारी बसलं की ॲल्युमिनियम बळी जातं. पत्र्याला टाचणीएवढी छिद्रं पडत जातात. याच कारणाने स्टीलचे स्क्रूही कोरडे लावत नाहीत, आटे आधी दोन धातूंना एकमेकांपासून वेगळं ठेवणाऱ्या ग्रीससारख्या लेपात बुडवतात. गोड्या पाण्यात एकवेळ खपून जाईल. खाऱ्या पाण्यात मात्र दोन हंगामांत स्क्रूभोवती पांढरी पिठी जमते आणि स्क्रू निघता निघत नाही.

आता उंचीकडे येऊ, कारण त्या शनिवारचं लुकलुकणं तिथेच होतं. यंत्राबरोबर आलेल्या कागदावर एक चित्र असतं आणि त्यात दोन आकडे असतात. फायबरची होडी असेल तर ठोकळ्याचं बूड होडीच्या तळाच्या ३ मिलिमीटर खाली. ॲल्युमिनियमची असेल तर १० मिलिमीटर. बहुतेक लोक पहिला आकडा वाचतात आणि दुसऱ्यापर्यंत पोचत नाहीत. फरक ७ मिलिमीटरचा, म्हणजे एका साध्या पेन्सिलीच्या जाडीचा. पण पत्र्याच्या होडीच्या तळाला चिकटून येणारी बुडबुड्यांची चादर जाड असते, आणि ठोकळ्याने त्या चादरीखाली मान काढायला हवी. जास्त खाली नेला तरी पंचाईत: ठोकळा पाणी कापायला लागतो, मागे कोंबड्याच्या शेपटीसारखा फवारा उडतो, मोटर भिजते, आणि तरंगणारी फांदी लागली तर ठोकळाच जातो. मग उरतो कल. होडीचा तळ इंग्रजी व्हीसारखा तिरका असला तरी ठोकळ्याचं तोंड सरळ खाली, पाण्याशी समांतर हवं. पुढून-मागूनही सपाट, फार तर मागची टाच केसभर खाली, म्हणजे बुडबुडे तोंडाखाली न अडकता मागे घसरून जातात. नाक खाली गेलं तर उलटं होतं, तोंडाखाली हवेचा खिसा तयार होतो. आणि बिजागरीचा बोल्ट सैल राहिला तर आणखी गंमत: धक्क्यावर सगळं सरळ, पण वेगात पाण्याच्या जोराने ठोकळा मागे कलंडतो, थांबलं की जागेवर येतो. चोर सापडतच नाही.

एक फुकटचा इलाजही सांगून टाकावा. नव्या ठोकळ्याच्या तोंडावर कारखान्यातल्या साच्याचं तेल असतं, आणि तेलकट प्लास्टिकवर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं. थेंबांच्या मधे हवा. स्पिरिटने पुसून घ्यावं, नाहीतर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब बोटाने चोळावा. नव्या यंत्रांच्या निम्म्या तक्रारी यानेच जाव्यात असं माझं मत आहे, पण इतका स्वस्त इलाज कोणी करत नाही.

दुसरा आवाज विजेचा, आणि तो बुडबुड्यांपेक्षा चकवा. पाच इंची यंत्राला वीज अगदी थोडी लागते, अर्धा ते एक अँपिअर. मोटरच्या मोठ्या बॅटरीवरच वायर टाकायचा मोह होतो, कारण ती तिथेच असते. पण त्याच बॅटरीवर नाळेकडची छोटी विजेची मोटरही असली तर तिचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट वायरीत सतत करकर करत असतं, आणि ती करकर स्क्रीनवर तिरप्या रेघांची रांगोळी होऊन येते. सेल्फस्टार्टची मोटर असेल तर चावी फिरवताच व्होल्टेज खाली बसतं आणि यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतं. त्यापेक्षा १२ व्होल्टची, सात ते दहा अँपिअर-अवरची छोटी वेगळी बॅटरी ठेवावी. शिशाची असेल तर लिहिलेल्यातलं निम्मंच आपलं समजावं. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर दिवसभर चिंता नाही आणि वजन किलो-दीड किलो. पॉझिटिव्ह वायरीवर, बॅटरीपासून सात इंचांच्या आत, तीन अँपिअरचा फ्यूज. निगेटिव्ह वायर परत बॅटरीलाच न्यायची. मोटारगाडीत निगेटिव्ह कुठेही पत्र्याला जोडतात, त्या सवयीने इथे होडीच्या अंगाला जोडली तर पत्र्यातून पाण्यात वीज झिरपते आणि होडी हळूहळू स्वतःलाच खाते. ट्रान्सड्यूसरची केबल कधी कापायची नाही, कितीही लांब उरली तरी. तिच्यावरचं आवरण तोडलं की बाहेरचा गोंगाट आत. उरलेली केबल मोठ्या सैल वेटोळ्यात बाकाखाली. मोटरच्या वायरींपासून फूटभर लांब, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. बाकाला स्क्रीन बसवताना आत फोम भरलेला असतो हे विसरू नये. होडी पाण्याने भरली तरी तिला वर धरतो तो हाच फोम. त्यातून आरपार भोकं पाडून वायरी ओढणारे लोक असतात. त्यांना काय बोलावं?

बुडबुडा की वीज, हे ओळखायची परीक्षा दोन मिनिटांची आहे. तळ्यात मधे थांबायचं, मोटर न्यूट्रलमध्ये टाकायची आणि मूठ पिळायची. होडी जागची हलत नाही, बुडबुडे नाहीत. तरीही स्क्रीनवर ठिपके-रेघा आल्या तर दोष वायरींत. न्यूट्रलमध्ये स्वच्छ आणि धावताना घाण, तर दोष ठोकळ्याच्या जागेत. मोटर उलटी चालवताना आकडा लुकलुकला तर मात्र काही करू नये. तेव्हा पंखा सगळे बुडबुडे होडीखालीच ढकलत असतो, त्याला इलाज नाही.

सगळं नीट बसलं तरी स्क्रीनवर काय दिसतंय याबद्दल गैरसमज उरतोच. लोकांना वाटतं हा होडीखालचा फोटो आहे. तो फोटो नाही, रोजनिशी आहे. उजवी कड म्हणजे आत्ता. तिच्या डावीकडे जे काही सरकत चाललंय ते होऊन गेलेलं. होडी नांगरून उभी असेल आणि एकच मासा खाली आळसावून थांबला असेल तर स्क्रीनवर लांबलचक रेघ येते, आणि नवखा माणूस केवढा मासा म्हणून गळ टाकतो. कमानी दिसतात त्याही मासा वाकडा म्हणून नव्हे. आवाज शंकूसारखा खाली पसरतो. २०० किलोहर्ट्झचा शंकू साधारण वीस अंशांचा, म्हणजे तीस फूट पाण्यात तळाशी दहा फुटांचं वर्तुळ. मासा त्या शंकूच्या कडेला असताना लांब, मधे आला की जवळ, पलीकडे गेला की पुन्हा लांब. त्या अंतराची कमान होते. तळाचा पट्टा जाड नि लखलखीत, खाली त्याचीच दुसरी सावली पडलेली, तर तळ दगडाचा किंवा रेतीचा. बारीक आणि मऊ, तर चिखल. माशाचं चित्र काढून 'टुंग' वाजवणारी सोय मात्र पहिल्याच दिवशी बंद करावी. तिला बुडत चाललेलं पानही मासा वाटतं.

इथल्या हिवाळ्यात हेच यंत्र होडीवरून उतरवून बर्फावर नेतात. निदान चार इंच स्वच्छ बर्फ झालं की लोक चालत तळ्याच्या मधोमध जातात, गिरमिटाने भोक पाडतात, आणि छोट्या बॅटरीसकट स्क्रीन भोकाशेजारी ठेवून ठोकळा पाण्यात सोडतात. मोटर नाही, वेग नाही, रिव्हेट नाहीत. तीस फुटांवरचं शिशाचं बारकं गळटोक खाली-वर होताना रेघेसारखं स्पष्ट दिसतं, आणि त्याच्याकडे खालून दुसरी रेघ येताना दिसते. ट्रान्समवर ड्रिल, इपॉक्सी, लेप, पट्टी असा जो खटाटोप करायचा तो या शांततेच्या जवळपास पोचण्यासाठी. पूर्ण कधीच पोचता येत नाही, कारण होडी चालणारच.

त्या शनिवारी नऊच्या सुमाराला होडी परत ट्रेलरवर चढली. बूच काढून पाणी सोडलं. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून बूच काढल्याशिवाय रस्त्यावर होडी नेता येत नाही इथे. मुलगा तंबूएवढ्या मोठ्या कागदाच्या घड्या उलगडून वाचत होता. वडील ट्रान्समपाशी उकिडवे बसले होते आणि हाताने तळ चाचपत होते, रिव्हेटच्या डोक्यांवरून, घडीवरून, ठोकळ्याच्या कडेपर्यंत. ठोकळ्याच्या दांडीला स्क्रूसाठी उभ्या खाचा असतात. दोन स्क्रू सैल केले की तो खाली-वर सरकतो, नवं भोक लागत नाही. गाडीत मुलीच्या दप्तरातली पेन्सिल होती. दांडीची वरची कड जिथे होती तिथे तिने खूण केली, दांडी खाली सरकवली, खूण आणि कड यांच्यामधे पेन्सिल आडवी मावली तेव्हा स्क्रू आवळले. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या फेरीत मूठ पिळल्यावर पट्टा थोडा फिका झाला, पण राहिला. आकडा स्थिर, २३.१. वडिलांना फुटांचा हिशेब लागत नव्हता. त्यांची खोली वावांत, वजन बांधलेली दोरी दोन्ही हात पसरून ओढत मोजलेली. मेनूत फूट आणि मीटरच्या खाली फॅदम असतं, ते म्हणजे वावच की. मुलाने ते निवडलं. कोपऱ्यात ३.८ आलं, मग ३.९, पुन्हा ३.८.

वडिलांनी कानटोपी वर सारली.

"चार म्हण."